जुनी पुस्तकं परत शिवून देणारे जांभळी नाक्याचे बाइंडरकाका: पाचपैकी चार स्टार

आधी कामाचं सांगते, मग बाकीचं. तुमच्याकडे खिळखिळी झालेली, पानं सुटलेली, पण टाकवत नाहीत अशी पुस्तकं असतील तर ठाण्यात जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत एक बाइंडर आहेत. जुनी इमारत, तळमजला, लाकडी फळ्यांचं दार. दुकानाला बोर्ड नाही त्यामुळे नाव सांगता येत नाही आणि मॅपवरही सापडत नाही. बाजूला स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे तिथे विचारायचं, बाइंडर कुठे बसतात, कोणीही दाखवेल. मी तिथे तीन पुस्तकं दिली होती, दोन बांधून मिळाली, एक काकांनी स्वतःच नाकारलं, आणि तरी मी चार स्टार देतेय. एक स्टार का कापला तेही लिहिते.

मी एक पुस्तक अनेकदा वाचणारी बाई आहे. नवीन पण वाचते, पण वर्षाला चार-पाच जुनी पुस्तकं ठरलेली असतात. ताप आला की एक, मे महिन्यात एक, गणपतीचे पाहुणे गेल्यावर घर शांत होतं तेव्हा एक. लहानपण चरईत गेलं, आणि ठाण्यात वाढलेल्या बऱ्याच जणांसारखं वाचनाचं वेड मराठी ग्रंथसंग्रहालयातून लागलं. ही संस्था १८९३ सालची, वि. ल. भावे, म्हणजे 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी साहित्याचा इतिहास लिहिणारे भावे, हे तिचे संस्थापक, आपल्या गावात एवढी जुनी गोष्ट आहे याचा मला अजूनही अभिमान वाटतो. आई माझ्यासाठी पुस्तक बदलून आणायला जायची आणि मी सांगायचे की परत तेच आण. माझी मुलगी आता पंधरा वर्षांची आहे, ती विचारते, आई, तुला शेवट माहितीय ना, मग परत काय वाचतेस? मला याचं उत्तर एका वाक्यात कधीच देता आलं नाही, पण ह्या बाइंडिंगच्या निमित्ताने गेले तीन महिने मी त्याच्यावरच विचार करतेय.

तर पुस्तकं कुठली होती ते. पहिलं, बाबांचं बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची, बाबांकडची प्रत नंतरच्या आवृत्तीची, पहिल्या पानावर निळ्या शाईत त्यांची सही आणि खाली १९७४. दुसरं, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे, हे मी घेतलेलं, डिसेंबर २०१० मध्ये ८४ वं साहित्य संमेलन आपल्या ठाण्यात भरलं होतं तेव्हा ग्रंथप्रदर्शनात घेतलं होतं, तीन दिवस रोज गेले होते मी आणि पिशव्या भरून पुस्तकं आणली होती. तिसरं, शाळेत चौथीत बक्षीस मिळालेलं गोष्टींचं पुस्तक, पातळ, रंगीत कव्हर, आतमध्ये वर्तमानपत्रासारखा कागद.

काकांनी बनगरवाडी हातात घेतलं आणि उघडलं नाहीच. कणा टेबलावर टेकवून पुस्तक उभं धरलं आणि दोन्ही हात सोडून दिले. पुस्तक आपोआप एका जागी उघडून पडलं. परत उभं केलं, परत सोडलं, परत तीच जागा. गाव मिळून तालीम बांधतं ना, ती पानं. मग त्यांनी पुस्तक आडवं धरून पानांच्या कडा बघितल्या, अंगठ्याने फर्रकन सोडल्या, आणि म्हणाले, ताई, तुम्ही हे इथपर्यंतच वाचता. पुढच्या पानांना बोट लागलेलं नाही.

मी काही बोललेच नाही एक मिनिट. कारण ते खरं होतं आणि माझ्या स्वतःच्या लक्षात आलेलं नव्हतं. त्यांनी मला कड दाखवली, दोन तृतीयांशापर्यंत पानांचा रंग मळकट, हाताच्या घामाने तेलकट झालेला, कोपरे गोल झालेले, आणि त्यापुढे कागद पिवळा होता पण स्वच्छ, कोपरे टोकदार. जसा काही कोणी पट्टीने रेघ मारून दोन भाग केलेत.

ज्यांनी वाचलंय त्यांना माहितीच आहे, औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका छोट्या गावात एक तरुण मास्तर येतो, हळूहळू गावाचा होतो, गाव तालीम बांधतं, राजा येतो, आणि शेवटी पाऊस पडत नाही, मेंढरं मरतात, माणसं गाव सोडून जातात. बाबा माणदेशातलेच, माण तालुक्यातल्या खेड्यातले. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी जनावरं विकली आणि बाबा ठाण्याला आले, वागळे इस्टेटमध्ये कामाला लागले. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी हे पुस्तक विकत घेतलं. मला ते रात्री मोठ्याने वाचून दाखवायचे, मी सात-आठ वर्षांची असेन, त्यांना गावाकडची बोली इतकी सहज यायची की मला वाटायचं हे सगळे लोक बाबांच्या ओळखीचे आहेत. आणि दरवेळी तालीम झाली, राजा आला, की बाबा पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, पुढचं तू मोठी झालीस की वाच. मी पुढचं कॉलेजात असताना वाचलं, एकदाच, आणि ते सुद्धा लायब्ररीच्या प्रतीत. बाबांच्या प्रतीत कधीच नाही. त्यानंतर वीस-बावीस वेळा तरी वाचलं असेल मी ते, आणि मला कायम वाटत आलं की मी पूर्ण वाचतेय.

ही सर्व्हिस नक्की काय आहे ते जरा नीट सांगते, कारण मला आधी वाटायचं बाइंडिंग म्हणजे पुठ्ठा चिकटवणं. तसं नाही. जुनी पुस्तकं फर्म्याफर्म्यांची असतात. एक मोठा कागद छापून घड्या घालतात, त्याची सोळा पानं होतात, तो एक फर्मा. असे आठ-दहा फर्मे एकावर एक ठेवून प्रत्येकाच्या घडीतून सुई-दोरा घालून ते एकमेकांना शिवतात. ह्याला जुजबंदी म्हणतात. त्यामुळे पुस्तक उघडलं की ते सपाट पडतं आणि पानं सुटत नाहीत, कारण प्रत्येक पान घडीने दुसऱ्या पानाला जोडलेलं असतं. बनगरवाडी असं शिवलेलं होतं, पन्नास वर्षांचा दोरा कुजला होता एवढंच. काकांनी माझ्यासमोर कणा सोलला. जुनी खळ ओल्या फडक्याने भिजवली, दहा मिनिटं थांबले, मग बोथट सुरीने खरवडून काढली, आणि एकेक फर्मा सुटा करून टेबलावर ठेवला. बाबांचं पुस्तक असं नऊ छोट्या वह्यांसारखं समोर मांडलेलं बघून पोटात तुटलं माझ्या, पण ते इतक्या हलक्या हाताने करत होते की मी बघतच बसले. ज्या फर्म्याची घडी फाटली होती तिथे पातळ कागदाची पट्टी लावून घडी परत तयार करतात, ती वाळू देतात, मगच शिवतात. खळ स्वतः शिजवतात, मैद्याची, आणि त्यात मोरचूद घालतात कसर लागू नये म्हणून. त्या खळीचा वास दुकानात भरून राहिलेला असतो.

सुट्या फर्म्यांमध्ये मी एक गोष्ट बघितली. बाबांना आवडलेल्या ओळीपुढे पेन्सिलीने बारीक टिकमार्क करायची सवय होती. पहिल्या सहा फर्म्यांत अशा पन्नासेक तरी खुणा असतील. शेवटच्या फर्म्यांत एकही नाही.

आता स्मृतिचित्रे. हे पुस्तक म्हणजे माझा तापातला सोबती, लक्ष्मीबाई टिळकांसारखं बोलता बोलता लिहिणारं मराठीत दुसरं कोणी मला तरी माहिती नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसती हसत होते, त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचा विसरभोळेपणा, सोवळं-ओवळं, सगळी फजिती. तिसऱ्या-चौथ्या वेळी, तोपर्यंत माझं लग्न होऊन दहा वर्षं झाली होती, तेव्हा हसू कमी आणि दुसरंच काहीतरी दिसायला लागलं. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये, मधली वर्षं ह्या बाईने काय काढली असतील, नातेवाईकांत, लोकांच्या बोलण्यात, आणि ते सगळं ती इतक्या साध्या आवाजात सांगते की पहिल्या वाचनात ते हातातून निसटूनच जातं. शब्द तेच असतात, आपण तोवर कुठेतरी पोचलेलो असतो. हा माझ्या मते परत वाचण्याचा सगळ्यात मोठा आनंद आहे आणि नवीन पुस्तक तो देऊ शकत नाही, कितीही चांगलं असलं तरी. पहिल्या वाचनात पुढे काय होणार ह्याच्या घाईत आपण धावत असतो, दुसऱ्या-तिसऱ्यात चालायला लागतो, आणि मग वाक्य कसं बांधलंय, कुठे लेखिका मुद्दाम गप्प बसलीय, हे दिसतं.

पण प्रत मात्र टिकली नाही. पंधरा वर्षांत पाच-सहा वाचनं आणि पानं पत्त्यांच्या कॅटसारखी हातात. काकांनी कारण सांगितलं. हल्ली बरीचशी पुस्तकं शिवतच नाहीत, फर्म्यांच्या घड्या मशीनवर कापून टाकतात आणि सुट्या पानांच्या कण्याला गरम गोंद लावून कव्हर चिकटवतात, ह्याला परफेक्ट बाइंडिंग म्हणतात. गोंद जुना झाला की कडक होतो, पुस्तक पूर्ण उघडलं की त्याला तडा जातो, आणि एक पान सुटलं की शेजारचं पण सुटतं. म्हणजे एकदा वाचून ठेवून द्यायला हे पुस्तक ठीक, दहा वेळा वाचणाऱ्याला नाही. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, ज्या पुस्तकांना शंभर वर्षं वाचक आहेत ती तरी शिवून छापायला हवीत, पन्नास रुपये जास्त घ्या.

घडीच नसल्यामुळे अशा पुस्तकाची जुजबंदी होत नाही. दोन रस्ते असतात. एक म्हणजे बाजूने भोकं पाडून टाके मारायचे, सरकारी फायलींसारखे, मजबूत होतं पण पुस्तक अर्धवटच उघडतं, आतल्या बाजूची अक्षरं कण्यात जातात. काका म्हणाले, तुम्ही ते हाताने दाबून दाबून वाचाल आणि सहा महिन्यांत परत घेऊन याल. दुसरा म्हणजे पानं शिकंज्यात घट्ट आवळून कण्याला करवतीने बारीक खाचा पाडायच्या, त्या खाचांमध्ये दोरा बसवायचा, वरून गोंद, आणि त्यावर मांजरपाटाची पट्टी. त्यांनी हे दुसरं केलं. छान झालंय, पानं हलत नाहीत, पण बनगरवाडीसारखं सपाट पडत नाही, टेबलावर ठेवून चहा पिता पिता वाचायचं तर एक हात लागतोच. ह्यात त्यांचा दोष नाही, मूळ पुस्तकाचाच आहे.

चौथीतल्या बक्षिसाच्या पुस्तकाचं काय झालं तर त्यांनी एका कोऱ्या पानाचा अगदी छोटा कोपरा दुमडला, उलट दुमडला, आणि तो तुकडा त्यांच्या बोटावर गळून पडला. म्हणाले, कागद भाजलाय, ह्याला सुई लागली की फाटेल. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातच आम्ल असतं, ते वर्षानुवर्षं कागदाला आतून खात राहतं, म्हणून तो तपकिरी होतो आणि मोडायला लागतो. त्यावर बाइंडरकडे इलाज नाही. शिवाय मी लहानपणी त्याला जागोजागी सेलोटेप लावली होती, ती आता पिवळी पडून गळून गेली होती आणि तिच्या खालचा कागद डागाळला होता. हे ऐकून ठेवा, जुन्या पुस्तकाला सेलोटेप कधीच लावू नका. काकांनी त्याच्या मापाची पुठ्ठ्याची पेटी करून दिली, झाकण असलेली, आणि म्हणाले, आता वाचू नका, बघा फक्त. पैसे लावत होते पेटीचे, चाळीस रुपये, मी शंभर दिले. काम मिळत असताना हे नको म्हणून सांगणारा माणूस मला आवडला, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. दुसरा कोणी असता तर रेक्झिनचं झकपक कव्हर घालून दिलं असतं आणि आतमध्ये भुगा.

आणि हे मी अनुभवातून बोलतेय. काही वर्षांपूर्वी मी आईचं पाककृतींचं पुस्तक दुसऱ्या एका ठिकाणी बांधायला दिलं होतं, कुठे ते लिहीत नाही. पाककृतींच्या पुस्तकाला आपण परत वाचलेलं पुस्तक म्हणत नाही पण घरात सगळ्यात जास्त वेळा उघडलेलं तेच असतं. आईने चाळीस वर्षं त्याच्या मार्जिनमध्ये स्वतःची दुरुस्ती लिहून ठेवली होती, पुरणपोळीपुढे गूळ किती, अनारशाला तांदूळ किती दिवस, चकलीच्या भाजणीत काय कमी काय जास्त. त्या माणसाने बांधून झाल्यावर पुस्तक कटिंग मशीनखाली घातलं आणि तिन्ही बाजूंनी अर्धा-पाऊण इंच कागद छाटला, कडा सरळ दिसाव्यात म्हणून. आता पुरणपोळीच्या पानावर फक्त "वाटी गूळ" राहिलंय. किती वाटी ते छाटलं गेलं. आई तोपर्यंत गेली होती. मी त्या दुकानात जाऊन विचारलं की कागदाच्या कापलेल्या पट्ट्या आहेत का, तर रद्दीत गेल्या होत्या. त्यानंतर मी सहा वर्षं कुठलंच पुस्तक कोणाला बांधायला दिलं नव्हतं.

म्हणून ह्या काकांना मी पहिलाच प्रश्न विचारला, कटिंग करता का? ते म्हणाले, मार्जिनमध्ये लिहिलंय का आधी सांगा. नुसत्या ह्या प्रश्नावर मी पुस्तकं त्यांच्या हातात दिली. तुम्हीही कुठेही पुस्तक द्याल तर कटिंग नको हे तोंडी सांगा आणि पुस्तकावर चिठ्ठी लावून पण लिहा. सहीचं पान, अर्पणपत्रिका, जुनं कव्हर हे सगळं परत हवंय हेही सांगा. काकांनी बनगरवाडीचं मूळ कव्हर आतल्या अस्तराच्या पानावर चिकटवून दिलंय.

आता तो एक स्टार. वेळ. फेब्रुवारीच्या शेवटी पुस्तकं दिली, पंधरा दिवस म्हणाले, आणि मिळाली एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. मध्ये मार्चएंड आला, सीए लोकांच्या व्हाउचरच्या फायली, सोसायट्यांची रजिस्टरं, कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट, पोट त्याच कामावर चालतं त्यामुळे तुमची पुस्तकं मागे पडतात. हे मला कळतं, पण मग आधीच महिना-दीड महिना सांगावं. मी मानपाड्याहून टीएमटीच्या बसने दोनदा जाऊन रिकाम्या हाताने परत आले. फोन उचलत नाहीत कारण हाताला खळ असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून रेट विचारू नका, पुस्तक हातात घेतल्याशिवाय ते बोलत नाहीत.

त्या दीड महिन्यात माझ्याकडे माझी नेहमीची दोन्ही पुस्तकं नव्हती आणि ह्या काळात मी चार नवीन पुस्तकं वाचली. हे लिहायलाच हवं, कारण परत वाचण्याचा तोटा हाच आहे आणि मी तो मान्य करते. कपाटात न उघडलेली पंचवीस-तीस पुस्तकं पडलेली असतात, नवीन लिहिणारी मुलं-मुली किती वेगळं लिहितायत, आणि आपण रात्री दमून आलो की हात आपोआप ओळखीच्या कण्याकडे जातो. नव्या पुस्तकात पहिली तीस पानं त्रासाची असतात, माणसं ओळखायची, लेखकाचा सूर कळायचा, तो त्रास मला नकोसा व्हायला लागला होता हे मला जुनी पुस्तकं हाताशी नसताना कळलं. त्या चारातली दोन मला इतकी आवडली की ती मी नक्की परत वाचणार आहे.

दुसरा तोटा म्हणजे काही पुस्तकं परत वाचून हातची जातात. सतराव्या वर्षी मी एका कादंबरीच्या नायकाच्या प्रेमात होते, अक्षरशः वहीत उतारे लिहून काढले होते, ती चाळिशीत परत वाचली आणि तो माणूस बायकोशी किती वाईट वागतो एवढंच दिसत राहिलं. कादंबरीचं नाव लिहीत नाही कारण ती अजून कोणाची तरी लाडकी असेल. पण ते पुस्तक आता माझं राहिलं नाही आणि सतराव्या वर्षीचा तो पावसाळाही जरा उतरलाच. तेव्हा काही पुस्तकं आठवणीतच राहू द्यावीत असं मला हल्ली वाटतं. आठवणही फसवते म्हणा. एका कादंबरीतला निरोपाचा प्रसंग मला स्टेशनसकट, हातातल्या डब्यासकट आठवायचा, मी मैत्रिणींना सांगायचे, आणि परत वाचल्यावर तो प्रसंग पुस्तकात नाहीच! चारदा शोधला. तो मी कधीतरी मनातच लिहिला असणार.

पैशाचं सांगते. बनगरवाडीला कापडी पाठ, पुठ्ठा, पूर्ण जुजबंदी, तीनशे रुपये. स्मृतिचित्रे जाड आहे, त्याचे साडेतीनशे. कोणी म्हणेल ह्या पैशात नवी प्रत येते. येते की. नुसतं पुस्तक वाचायचं असेल तर नवी प्रतच घ्या, अक्षर पण ठसठशीत असतं. मीसुद्धा प्रवासात फोनवर वाचते, अक्षर मोठं करता येतं, चाळिशीनंतर ती सोय कमी नाही. ही सर्व्हिस तीच विशिष्ट प्रत हवी असणाऱ्यांसाठी आहे. कव्हरवर सोनेरी अक्षरं हवी असतील तर काका ते बाहेरून करून आणतात, वेगळे पैसे आणि अजून आठ दिवस. मी नको म्हटलं, साध्या कागदाची चिठ्ठी लावून घेतली.

आता ज्या गोष्टीचा मी विचारच केला नव्हता ती. बनगरवाडी घरी आणलं, हात धुतले, खिडकीत बसले आणि काकांसारखं ते उभं धरून सोडलं. ते उघडलंच नाही. नवीन दोरा, नवीन खळ, कणा ताठ, सगळे फर्मे सारखे घट्ट. तालमीची पानं कुठेत ते पुस्तक विसरून गेलं होतं. खरं सांगते, मला पहिल्यांदा रडूच आलं, वाटलं आपण पैसे देऊन बाबांच्या हाताचा वळसा पुसून टाकला. हा ह्या कामाचा तोटा आहे आणि तो कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते: बांधलेलं पुस्तक तुमची जागा लक्षात ठेवत नाही. ज्यांना ती जागाच प्रिय आहे त्यांनी नीट विचार करून द्या.

मग काय, पहिल्या पानापासून सुरुवात केली. रविवार होता, मुलगी अभ्यासाला बसली होती. दर काही पानांवर बाबांचा टिकमार्क भेटत होता, एका ठिकाणी त्यांचा आवाज इतका कानात आला की मी तेवढं वाक्य मोठ्याने म्हटलं, त्यांच्यासारखी बोली काढायचा प्रयत्न करत. तालीम झाली. राजा येऊन गेला. आणि पुस्तक आता कडक असल्यामुळे मिटत नाही पटकन, अंगठा तिथेच राहतो, तर मी पान उलटलं. पुढची पानं अजून कोरी होती, नखासारख्या टोकदार कोपऱ्यांची, आणि ती वाचताना पहिल्यांदा मला मास्तर दिसलाच नाही, आजोबा दिसले. जनावरं विकायला घेऊन निघालेले, ज्यांना मी फोटोतच बघितलंय. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे असतील. त्यांनी मला हे का वाचून दाखवलं नाही ते मला सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांच्याच प्रतीत कळलं, लायब्ररीच्या प्रतीत कॉलेजात असताना कळलं नव्हतं. मुलीने येऊन विचारलं काय झालं, तिला मी पुस्तक दाखवलं आणि १९७२ चं सगळं सांगितलं, जेवण त्या दिवशी अकराला झालं.

मी पेन्सिल घेऊन त्या शेवटच्या भागात एक टिकमार्क केला. एकच. कुठे ते लिहीत नाही.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. गाडी नेऊ नका, जांभळी नाक्याला पार्किंग मिळणं अवघड, स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. सकाळी अकरानंतर आणि दुपारी जेवणाची वेळ सोडून जा, सणाच्या आधीचे आठ दिवस तर त्या बाजारात शिरूच नका. मार्चमध्ये देऊ नका. पावसाळ्यात काका बांधणी हातात घेत नाहीत, खळ वाळत नाही आणि कागद फुगतो, त्यामुळे आता द्यायची असतील तर पाऊस सुरू व्हायच्या आत द्या नाहीतर थेट ऑक्टोबर. पैसे स्कॅन करून घेतात. पुस्तक देताना आधी ते एकदा उभं धरून सोडून बघा कुठे उघडतं, आणि त्या पानाचा नंबर कुठेतरी लिहून ठेवा. माझी पुढची दोन दिवाळीनंतर जातील, त्यातलं एक आईचंच आहे, त्यातल्या प्रत्येक मार्जिनचा मी आधी फोटो काढून ठेवलाय.